खलातली हळद

ताट माझ्यासमोरून पुढे जाणार, हे मला ठाऊक होतं.

खंडेनवमीचा दिवस. चिखलीतल्या एका पत्र्याच्या शेडमधली आमची छोटी प्रयोगशाळा. उपकरणांना झेंडूच्या माळा, दारावर आंब्याचे डहाळे, उंबऱ्याबाहेर रांगोळी. मालकाची बायको हळदकुंकवाचं ताट घेऊन एकेका बाईला कुंकू लावत येत होती. आधी फोन घेणारी मुलगी. मग शीतल, आमची तरुण केमिस्ट. मग झाडलोट करणाऱ्या सुमनबाई. शीतल आणि सुमनबाई यांच्या मधोमध मी उभी होते. मी आधीच अर्धं पाऊल मागे सरकले होते. माझ्या जागी भिंत असावी, तसं ताट पुढे गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही. तुमचे आजोबा गेल्यापासून असं ताट पुढेच जातं, आणि वाटायचं केव्हाच थांबलं होतं.

वाटलं ते त्यानंतरच्या गोष्टीचं.

उपकरणांची पूजा सुरू झाली. टेबलावर पांढरं कापड. त्यावर वजनकाटा, विजेचा दाब देणारं यंत्र, अकीक दगडाचा खल. मी माझ्या इलेक्ट्रोडांचा ट्रे उचलला आणि तिथे ठेवायला निघाले. काचेच्या छोट्या नळ्या, तोंडाशी काळी चकचकीत पेस्ट, मागून निघालेली तांब्याची तार. सगळ्या मी हातानं भरलेल्या.

"असू द्या काकू, तुम्ही नका आणू," वहिनी म्हणाल्या. मालकाच्या बायकोला तिथे सगळे वहिनीच म्हणत. "शीतल, तू घे गं."

शीतलनं ट्रे माझ्या हातातून घेतला.

"आणि त्यावर जरा पाणी शिंपड. मग ओवाळते."

शीतलनं पळीत पाणी घेतलं. शिंपडलं. थेंब काचेवर पडल्याचा आवाजही झाला नाही, इतकं थोडं पाणी. वहिनी माझ्याकडे बघून हसल्या. "वाईट नका वाटून घेऊ हं काकू. वर्षाचा दिवस आहे."

वाईट नका वाटून घेऊ. म्हणजे वाईट आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

मी बाहेर नळावर गेले. हात स्वच्छ होते. तरी धुतले. साबण लावून.

सई, निनाद, तुम्ही कॅनडात वाढलात. तुम्हाला वाटेल, आजी, एवढंच? कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही, हाकललं नाही. पळीभर पाणी. पण मला सगळं पहिल्यापासून नीट सांगायची सवय आहे, आणि सईच्या लग्नाआधी हे तुम्ही दोघा भावंडांनी वाचायला हवं.

ती प्रयोगशाळा अभयची. अभय माझा विद्यार्थी. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे तेव्हा पहिल्या बाकावर बसायचा. आजोबा गेल्यावर एकदा मला भेटायला पुनावळ्याच्या फ्लॅटवर आला. मी एकटी, नवव्या मजल्यावर. खाली हायवे. समोर असेच मनोरे, अशाच खिडक्या, आणि त्या खिडक्यांत कोण राहतं ते मला आजही माहीत नाही. दिवसभरात माझ्या कानावर माणसासारखा एकच आवाज पडायचा, लिफ्टमधला. दार उघडत आहे. दार बंद होत आहे. अभयला ते जाणवलं असावं. म्हणाला, "मॅडम, पेस्ट घोटण्यात तुमच्यासारखा हात अजून कुणाचा नाही. या ना लॅबमध्ये. आमच्या पोरांना नाही जमत ते."

मी गेले. एका बाजूला पावडर कोटिंगचं शेड, दुसऱ्या बाजूला प्रेस शॉप, दिवसभर धाडधाड. याच चिखलीत मी जन्मले. तेव्हा इथे ज्वारी उभी असायची. आता शेडच्या मागे शेड. त्या धाडधाडीत मला बरं वाटायचं. तिथे मला कुणीतरी 'मॅडम' अशी हाक मारायचं. आज डब्यात काय आणलंय, विचारायचं. तुम्हाला हे किरकोळ वाटेल. ज्या घरात रोज एकच ताट धुवायचं असतं, तिथल्या माणसाला विचारा.

आता काम काय होतं ते सांगते.

शरीरात डोपामिन नावाचं एक द्रव्य असतं. मेंदूत तयार होतं, संप्रेरकासारखा इकडचा निरोप तिकडे पोचवतं. ते कमी पडलं की माणसाची चाल बिघडते, हात थरथरायला लागतात. हे हात थरथरण्याचं लक्षात ठेवा. हे द्रव्य मोजायचं तर अडचण अशी, की शरीरातल्या कुठल्याही नमुन्यात ते एकटं सापडत नाही. सोबत क जीवनसत्त्व असतं, आणि ते कितीतरी जास्त. आम्ही नळी त्या मिश्रणात बुडवतो आणि विजेचा दाब हळूहळू वाढवत नेतो. प्रत्येक द्रव्य आपापल्या दाबाला इलेक्ट्रॉन सोडतं, आणि पडद्यावरच्या आलेखात एक शिखर उठतं. पण साध्या पेस्टवर या दोघांची शिखरं जवळजवळ एकाच जागी उठतात. मोठ्या डोंगरात लहान डोंगर बुडून जातो. डोपामिन असतं, पण दिसत नाही.

तिथे साबणाच्या जातीचं एक द्रव्य कामी येतं. टूथपेस्टला फेस आणतं ना, तेच. त्याच्या रेणूला तेलात रमणारं शेपूट असतं आणि पाण्यात रमणारं डोकं. पेस्टच्या तोंडावर त्याचा थेंब ठेवायचा, थोडं थांबायचं, धुऊन टाकायचं. शेपटं तेलकट पेस्टमध्ये रुततात, डोकी बाहेर राहतात. त्या डोक्यांवर ऋण भार. डोपामिनवर धन भार, म्हणून ते जवळ ओढलं जातं. क जीवनसत्त्वावर ऋण भार, म्हणून ते दूर लोटलं जातं. आणि आलेखात दोन शिखरं वेगवेगळी उभी राहतात. इतकी वर्षं झाली, पण ती दोन शिखरं सुटी होताना पाहिली की माझ्या आत अजून काहीतरी हलतं. गर्दीत हरवलेलं कुणीतरी हाताला लागावं तसं.

पेस्ट मात्र हातानंच जमते. ग्राफाइटची पूड, तेल, खल. घोटत राहायचं. कुठवर, ते घड्याळ सांगत नाही. बत्ता हाताला जड लागायला लागला की कळतं. मग पेस्ट नळीत दाबून भरायची आणि तिचं तोंड गुळगुळीत कागदावर गोल गोल घासायचं, आरशासारखं होईपर्यंत. त्यासाठी मी जुन्या लग्नपत्रिका वापरते. आतली कोरी बाजू. इतका गुळगुळीत कागद दुकानात सहज मिळत नाही, आणि पत्रिका माझ्याकडे पुष्कळ येतात. प्रत्येक पाकिटावर माझं नाव असतं. प्रत्येक लग्नात माझी खुर्ची मागच्या रांगेत असते.

माझी आई तर रांगेतही नव्हती.

माझे वडील पिंपरीला कारखान्यात होते. मी शाळेत असतानाच गेले. तेव्हा चिखलीत कुणाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की आईला सकाळीच बोलावणं यायचं. तीळ निवडायला, गूळ चिरायला, लाडू वळायला. दुपारी बायका नटूनथटून यायला लागल्या की आई मागच्या दारानं घरी. मी एकदा विचारलं, "आये, तू का न्हाई थांबली?" ती म्हणाली, "आपलं काम झालं न्हवं? मग कशापायी थांबायचं?" आणि चुलीपुढे बसली. तिनं वळलेले लाडू चालायचे. लाडू वळणारी चालायची नाही.

वडिलांनी मला मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. आईनं ती शाळा सुटू दिली नाही. मी तेव्हाच ठरवलं, इंग्रजी शिकायची आणि या मागच्या दाराशी संबंध तोडायचा. शिकले. शिकवलं. कुणी टाकून बोललं तर इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही माझी रीत. इंग्रजीत बोललं की आपण समोरच्यापासून हातभर लांब राहतो. लागत नाही.

मग आजोबा गेले. मला कुणीही काहीही सांगितलं नाही. मी व्यवस्थित बाई. कुणी सांगायच्या आधीच नीट वागायला लागले. सोसायटीत हळदीकुंकू असलं की दार लावून घरात. बारशाला जायचं ते बाळाला पाळण्यात घालून झाल्यावर. ओवाळणं चाललं असेल तर चपला काढायलाच जास्त वेळ लावायचा. फोटोत कडेला. मला कुणी बाजूला केलं नाही, कारण मी तशी वेळच येऊ दिली नाही. याला मी शिस्त म्हणत होते.

ते पाणी शिंपडलं, तेव्हा कळलं. आईचं मागचं दार मी जन्मभर पाठीवर वागवत होते. इंग्रजीसकट.

आणि त्या दिवशी तर मी एकटी बाजूला झाले नव्हते. माझ्या हातचं कामही बाजूला काढलं, धुतलं, आणि मग आत घेतलं. रेणूला भार असतो, तो मोजता येतो. विधवेच्या हाताला कुठला भार असतो, हे मला आजवर कुठल्या यंत्रावर दिसलेलं नाही.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईहून पाहुणे यायचे होते, दवाखान्यांसाठी तपासणीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे. आमची नळी त्यांना दाखवायची होती. त्यासाठी मी सणाच्या आधीच खलात पेस्ट घोटून ठेवली होती. सकाळी ती नव्या नळ्यांत भरली, पत्रिकेवर घासली, थेंब ठेवला, धुतला, नळी मिश्रणात सोडली.

तीन शिखरं.

एक क जीवनसत्त्वाचं. एक डोपामिनचं. आणि डोपामिनला चिकटून तिसरं, अनोळखी. दुसरी नळी घेतली. पुन्हा तीन.

अभय मागे येऊन उभा राहिला होता. शीतलच्या देखत म्हणाला, "मॅडम, हात थरथरतो का हल्ली? खरं सांगा. वयानं होतंच."

मी हात पुढे धरला. बोटं पसरून. स्थिर. त्यानं हाताकडे पाहिलंच नाही. तो पडद्याकडे बघत होता.

हात का थरथरतात, ते शोधायला ही नळी. ती बनवणारी मी. आणि थरथरणारी ठरले तीही मीच.

मी जुना ट्रे काढला. पूजेच्या आधी भरलेल्या, पाणी शिंपडलेल्या नळ्या. तोंडावरचा थर काढून टाकला, नवा घासला, लावून पाहिल्या. दोनच शिखरं. स्वच्छ, सुटी. ज्यांच्यावर पाणी शिंपडावं लागलं, त्याच शुद्ध निघाल्या.

म्हणजे जे काही होतं ते खलात होतं. उरलेली पेस्ट खरवडून काढली, खल पुसला. आतल्या कडेला, करड्या अकीकावर, पिवळट बोट उमटलेलं. धुण्याच्या सोड्यात कापूस भिजवून त्याच्या एका टोकाला टेकवला. कापूस लाल झाला.

शीतल शेजारीच होती. चाकणजवळच्या गावची, शेतकऱ्याघरची, बीएस्सी झालेली. माझ्याआधी तीच बोलली. "मॅडम, हळद हाय ही." साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

"खलात कशी गेली?"

तिनं मान खाली घातली. "वहिनींनी टाकली ना चिमूटभर. तुमी नळावर गेल्ता तवा. अक्षता आन् फूल मी काढलं नंतर. हळद काळ्यात दिसलीच न्हाई."

हळदीतलं पिवळं द्रव्यही इलेक्ट्रॉन सोडतं. आणि तेलात रमणारी ती शेपटं त्याला घट्ट धरून बसतात. तिसरं शिखर तेच होतं.

मी अभयला सांगितलं. त्यानं क्षणात मान्य केलं. हुशार आहे तो, मी उगीच पहिल्या बाकावर बसवत नव्हते. दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "पटलं मॅडम. पण पाहुण्यांना हे कसं सांगायचं? लॅबमध्ये पूजा केली आणि नमुन्यात हळद पडली? शोभा होईल आपली."

"मग काय सांगणार आहेस?"

"हात म्हणून सांगू. तुमच्याकडे बघून कुणी पुढे विचारणारही नाही. तुम्ही फक्त मान हलवा. आणि मॅडम, हिनं श्रद्धेनं केलंय हो. तिला वाईट वाटेल."

"आणि मला?"

"तुम्ही काय, घरच्याच."

घरचीच. आईही सगळ्यांच्या घरचीच होती.

पाहुणे यायला वेळ होता. मी डबा उघडला आणि तशीच बसले. नाही म्हटलं तर काय होईल, ते मला स्पष्ट दिसत होतं. नववा मजला. लिफ्टचा आवाज. हाक मारणारं कुणी नाही. मान हलवली तर हे टेबल राहणार होतं, ही धाडधाड राहणार होती, 'मॅडम' राहणार होतं. एक मान. ती तर मी इतकी वर्षं फुकटच हलवत आले होते. खोटं कशाला सांगू, मी विचार केला. जेवले नाही. डबा बंद केला.

पाहुणे आले. एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर एक बाई, दोघं मराठीच. पण बोलणं सगळं इंग्रजीत. अभयनं तीन शिखरांचा आलेख दाखवला आणि हसत इंग्रजीत म्हणाला की, या नळ्या आमच्या ज्येष्ठ मॅडम हातानं बनवतात, आता वय झालं, हात थोडा थरथरतो, तुम्ही समजून घ्याल. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. समजून घेतलेल्या नजरेनं. सगळे माझी मान हलायची वाट बघत होते.

मला त्यांच्यापेक्षा चांगलं इंग्रजी येतं. आयुष्यभर मी अपमानाला इंग्रजीत उत्तर दिलं होतं. त्या वेळी ते तोंडात आलंच नाही.

मी मराठीत म्हणाले, "माझा हात थरथरत नाही. पेस्टमध्ये हळद आहे. खंडेनवमीच्या पूजेत पडली. नवरा नाही म्हणून त्या पूजेत माझा हात चालला नाही. मी भरलेल्या नळ्यांवर पाणी शिंपडून मग ओवाळलं. तेव्हा ही चूक माझ्या हाताच्या नावावर लिहायची नाही."

शेजारच्या प्रेसची धाडधाड तेवढी चालू होती. मी शीतलकडे पाहिलं. तिनं पळीत पाणी घेतलं होतं, तिला सगळं ठाऊक होतं. ती नळाकडे बघत होती.

मग ते गृहस्थ म्हणाले, "अच्छा, हळद! म्हणजे तुमच्या नळीला हळदही सापडते?" आणि मनापासून खूश झाले. त्यांच्या सोबतच्या बाई पुढे वाकून तिसऱ्या शिखराकडे बघू लागल्या. जुन्या ट्रेमधल्या नळ्या लावल्या, दोन शिखरं दाखवली, त्यांना पसंत पडली. अभयचा जीव भांड्यात पडला. चहा आला. मी जे बोलले त्यातली हळद सगळ्यांनी ऐकली. पाणी कुणीच ऐकलं नाही.

एकानं ऐकलं होतं. पाहुणे गेल्यावर अभय आला. "मॅडम, हळदीचं ठीक होतं. त्यांना उलट आवडलंच. पण ते पूजेत हात चालला नाही वगैरे... ते परक्या माणसांसमोर बोलायची काय गरज होती? हिच्या कानावर गेलं तर?"

"जाऊ दे ना. तिनंही चारचौघांसमोरच केलं."

तो बराच वेळ पेनचं टोपण काढघाल करत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही थोडे दिवस आराम करा. मी फोन करतो."

हळदीसाठी मला कुणी घरी पाठवलं नाही. त्या एका वाक्यासाठी पाठवलं.

खल माझा होता, कॉलेजातल्या पहिल्या नोकरीपासूनचा. तो पिशवीत घातला. शीतल दारापर्यंत आली. "मॅडम, मी बोलणार व्हते ओ. पण मला ही नोकरी लागती."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "पुढच्या वेळी कुणी पळी हातात दिली, तर तेवढं आठव." तिनं डोळे पुसले. मी थांबले नाही. थांबले असते तर तिला जवळ घेतलं असतं, आणि मग तिला वाटलं असतं की झालं ते मिटलं.

अभयचा फोन आला नाही. शीतलचाही नाही. मी वाट बघत नाही, असं लिहिणार होते, पण बघते. फोन उलटा ठेवते आणि पुन्हा सुलटा करते. सकाळी टेबल पुसते, खल घेते, पेस्ट घोटते, एक नळी भरते. लावून बघायला इथे यंत्र नाही. शिखरं दिसत नाहीत. नळीचं तोंड घासून आरशासारखं झालं, त्यात खिडकी दिसायला लागली, की हात स्थिर आहे एवढं कळतं. खल रोज धुते. आतल्या कडेचं ते पिवळं बोट मात्र ठेवलं आहे. सोड्यानं गेलं असतं. घालवलं नाही.

परवा तुमच्या आईचा फोन आला. थेरगावचं कार्यालय ठरलं म्हणाली. मग म्हणाली, "आई, हळद लावायला पाच सवाष्णी झाल्यात. तुम्हाला उगीच दगदग नको. तुम्ही समोरच खुर्चीत बसा, पैठणी नेसून. व्हिडिओत छान दिसाल."

मी म्हटलं, "बरं."

तोंडातून आपोआप गेलं. अर्धं पाऊल मागे. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ त्या एका शब्दाकडे बघत बसले. तो शब्द मी इथे परत घेते आहे.

तुमच्या आईवर रागावू नका. ती प्रेमानं बोलली. वहिनीही हसूनच बोलल्या होत्या. हसून सांगितलं, प्रेमानं सांगितलं, की आपण उठून मागच्या दारानं निघतो, हेच तर मी तुम्हाला सांगते आहे.

सई, तुझ्या हळदीला मी खुर्चीत बसणार नाही. मागच्या रांगेत नाही आणि समोरच्याही नाही. तुझ्या पाटासमोर उभी राहणार. हळद मी माझ्या हातानं कालवणार आणि तुझ्या गालाला पहिलं बोट माझं लागणार. त्या पाच जणींनी हवं तर माझ्यामागून, दुसरी, तिसरी म्हणून यावं. कुणी म्हणालं, असू द्या, तर मी असू देणार नाही. कुणी पळीत पाणी घेतलं, तर तिचं मनगट धरीन. भर कार्यालयात धरीन, व्हिडिओ चालू असताना धरीन.

आणि तुलाच ते नको असेल, तुझ्या सासरच्यांपुढे अवघड वाटत असेल, तर तसं सरळ कळव. मी भांडायला येणार नाही. मी येणारच नाही. इथेच राहीन. एकटं राहायची मला सवय आहे. मागे सरकायची होती, ती मोडली.

तुझी पत्रिका आली आहे. टेबलावर, खलाच्या शेजारी ठेवली आहे. आतला कागद फार गुळगुळीत आहे. तुझं उत्तर येईपर्यंत त्यावर मी काही घासणार नाही.